हात वाटले, पकडीचे काय?
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



या सभेत आमच्या वाट्याला येणारे काम दरवर्षी ठरलेले असते. खाटा किती भरल्या, धर्मादाय निधीतून किती रुग्णांना सवलत मिळाली, यंत्रसामग्रीवर किती खर्च झाला, हे आकडे आम्ही वाचतो आणि आपण ते शांतपणे ऐकून घेता. यंदा अध्यक्ष महोदयांनी कृत्रिम अवयव विभागाविषयी, त्यातही त्रिमितीय मुद्रणाने तयार होणाऱ्या, म्हणजे साध्या भाषेत ‘छापील’ हातांविषयी बोलण्याची आज्ञा केली. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर. हाडे आणि स्नायू यांविषयी बोलण्याचा अधिकार आमच्या डॉक्टर मंडळींचा. परंतु या विभागाची बिले आमच्या टेबलावरून पुढे जातात, आणि या विभागाविषयी आपल्या अहवालांत जी एक चूक होत आली तीही आमच्याच टेबलावर झाली. म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहोत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणारे एक गृहस्थ आपल्या शिबिरात आले होते. उजव्या हाताची पाचही बोटे गेलेली, तळहाताचा थोडा भाग आणि मनगट मात्र शाबूत. त्यांना निळ्या-पांढऱ्या रंगाचा छापील हात बसवून दिला. छायाचित्र निघाले आणि ते आपल्या अहवालातही छापून आले. पुढे काही महिन्यांनी हे गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. हात कापडी पिशवीत गुंडाळलेला, नव्यासारखा स्वच्छ. म्हणाले, “साहेब, हा परत घ्या. दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. दिसायला झकास आहे, पण पेला काही धरत नाही.”

आम्हांला ते पटेना. शिबिरात तर हात उघडत होता, मिटत होता, टाळ्याही मिळाल्या होत्या. त्यांनी हात चढवला, आमच्या टेबलावरचा पाण्याने भरलेला स्टीलचा पेला मुठीत घेतला, मनगट खाली वाकवले. बोटे छान मिटली. पेला टेबलापासून वीतभर वर गेला आणि सरळ खाली निसटला. सारे पाणी त्या महिन्याच्या व्हाउचरांवर. लेखापाल फायली उचलायला धावले. ते गृहस्थ मात्र शांत होते. घरी हे त्यांनी पुष्कळदा पाहिले असावे. ‘लाभार्थी’ या रकान्यात त्यांची गणना आम्ही केव्हाच करून टाकली होती.

हात गमावलेली माणसे आपल्या परिसरात नवी नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापणारी, दाबणारी, छिद्रे पाडणारी यंत्रे दिवसरात्र चालतात. रेल्वेचे अपघात आहेत, विजेचा धक्का आहे, जन्मतःच बोटे नसलेली मुलेही आहेत. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत सापडून एका महाविद्यालयीन मुलीचे दोन्ही हात गेले. ती बातमी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिच्यावर ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईतच हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. परंतु असे प्रत्यारोपण फार थोड्यांच्या नशिबी येते. बाकीच्यांना कृत्रिम हाताचाच आधार.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. पायाच्या बाबतीत तर १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या सहकार्यातून जन्मलेल्या ‘जयपूर फूट’ने साऱ्या जगाला वाट दाखवली. परंतु पाय आणि हात यांत मोठा फरक आहे. पायाने मुख्यतः भार तोलायचा असतो, पाऊल टाकायचे असते. हाताने पेला धरायचा, दोरी ओढायची, नोट मोजायची, बाळाचे बोट धरायचे. चालता येऊ लागले की पाय यशस्वी झाला असे म्हणता येते. हाताच्या बाबतीत असा एकच दाखला देता येत नाही.

छापील हातांची कथा आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे रिचर्ड व्हॅन अ‍ॅस हे सुतार. २०११ साली करवतीच्या यंत्राने त्यांची बोटे कापली गेली. बाजारातली यांत्रिक बोटे परवडणारी नव्हती. त्यांना अमेरिकेत आयव्हन ओवेन नावाचे गृहस्थ सापडले, ज्यांनी एका वेशभूषेसाठी दोऱ्यांनी हलणारा मोठा थोरला हात बनवला होता. दोघांनी हजारो मैलांवरून एकत्र काम केले, बोटे नसलेल्या एका लहान मुलासाठी हात तयार केला, आणि २०१३ च्या आरंभी तो आराखडा कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा जगापुढे ठेवला. त्याच वर्षी जॉन शुल यांच्या पुढाकाराने ‘ई-नेबल’ हा स्वयंसेवकांचा समूह उभा राहिला. आपल्याकडे छापले जाणारे हातही याच घराण्यातले. आराखड्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, साहित्याचा खर्च माफक असतो, मूल वाढले की मोठ्या मापाचा हात पुन्हा छापता येतो. धर्मादाय संस्थेला याहून सोयीचे काय असणार? म्हणूनच आम्ही भाळलो.

हा हात चालतो कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मनगटाच्या वरच्या बाजूस, म्हणजे कोपराकडे, एक पट्टा असतो. त्यापासून प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत मासेमारीच्या दोरीसारखा चिवट दोरा गेलेला असतो. आपल्या कोळीवाड्यांतला शब्द वापरायचा तर तंगूस. मनगट खाली वाकवले की दोरे ताणले जातात आणि बोटे मिटतात. मनगट सरळ केले की पाठीमागची रबरे बोटे उघडतात. विजेचा संबंध नाही. याचा अर्थ असा की पकडीतला प्रत्येक ग्रॅम दाब रुग्णाच्या मनगटातून येतो, आणि वस्तू जितका वेळ धरायची तितका वेळ मनगट वाकवून ठेवावे लागते. दोरा ज्या नळीतून जातो तिथे घासला की थोडा जोर तिथेच खर्ची पडतो. बोटे उघडणारी रबरे फार कडक असली की मिटताना मनगटाला आधी त्यांच्याशीच झगडावे लागते. रुग्णाकडून शंभर रुपये जमा व्हावेत आणि बोटाच्या टोकाला पंचवीसच पोचावेत, असा हा व्यवहार आहे. मधली गळती थांबवणे हे पहिले काम.

ही गळती आमच्या तंत्रज्ञांनी दोन ठिकाणी थांबवली. दोऱ्याच्या मार्गात टेफ्लॉनची बारीक नळी घातली आणि वळणे बोथट केली. बोटे उघडण्यासाठी जाड लवचीक दोरीऐवजी दात सरळ करण्यासाठी वापरतात ती इवलीशी रबरे लावली. ती आपल्या दंतविभागातच होती, केवळ तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायची होती. ई-नेबलच्या काही आराखड्यांत ती सुचवलेलीच आहेत. आम्ही आराखडा छापला, पण त्याबरोबरची टिपणे नीट वाचली नाहीत, एवढाच याचा अर्थ.

आता त्या पेल्याकडे वळू. आकडेमोड आमच्या आवाक्यातली आहे, म्हणून ती करून पाहिली. पेला पाण्यासह ३०० ग्रॅम वजनाचा धरू. तो दोन बाजूंनी दाबून धरायचा तर खाली निसटू न देणारी गोष्ट एकच, घर्षण. कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक आणि ओले स्टील यांच्यामध्ये घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर प्रत्येक बाजूने सुमारे ७५० ग्रॅम वजनाइतका दाब हवा. तोच गुणांक मऊ रबरामुळे ०.८ झाला, तर सुमारे १९० ग्रॅम पुरतो. आकडे अर्थातच गृहीत धरलेले; पण हिशेबाचा रोख स्पष्ट आहे. मनगटात चौपट जोर आणणे आपल्या हाती नाही. बोटाच्या टोकाची त्वचा बदलणे आपल्या हाती आहे.

आपल्या स्वतःच्या बोटाकडे पाहा. टोकाला मऊ गादी असते, ती वस्तूच्या आकाराप्रमाणे दबते, टेकण्याची जागा वाढते. वर बारीक रेषा असतात आणि किंचित ओलावा. छापील बोट हाडासारखे कठीण असते आणि वस्तूला एखाद्या ठिपक्याएवढ्याच जागी टेकते. निम्म्या आयुष्यात आम्ही नोटा मोजणारे रोखपाल पाहिले. अंगठ्याला रबरी टोपण घातल्याशिवाय, नाहीतर ओल्या स्पंजाला बोट लावल्याशिवाय ते गड्डीला हात लावत नाहीत. कोरी नोट माणसाच्या जिवंत बोटातूनही सटकते, मग प्लॅस्टिकच्या बोटाकडून आम्ही कोणती अपेक्षा करीत होतो? कागद मोजण्यासाठी तयार केलेली मऊ जेलची टोपणेच परदेशातील स्वयंसेवक छापील बोटांना चढवतात, हे कळले तेव्हा आम्हांला हसू आले. तीस वर्षे आमच्या टेबलाच्या खणात असलेली वस्तू!

रोखपालाची टोपणे लगेच बसली, पण टिकली नाहीत. ती माणसाच्या बोटाच्या मापाची, छापील बोट त्याहून जाड किंवा बारीक. धुताना निसटू लागली. मग छापील साचा करून त्यात सिलिकॉन ओतले आणि मापाची टोपणे घरच्या घरी काढली. बोटाच्या टोकाला एक खाच ठेवली, म्हणजे टोपण तिथे अडकून बसते. काही बोटांची टोके टीपीयू नावाच्या रबरासारख्या लवचीक धाग्यातून थेट छापून पाहिली. तीही चालतात, पण आमच्या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंचे मत सिलिकॉनच्या बाजूने आहे आणि आम्ही त्यांचे ऐकतो. तळहाताच्या आतल्या बाजूला कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी वापरतात त्या मऊ रबराचा, म्हणजे एमसीआरचा, पातळ तुकडा चिकटवला. पेला केवळ बोटांनी धरला जात नाही, बोटे त्याला तळहातावर दाबतात. तळहात गुळगुळीत राहिला तर निम्मी पकड वाया जाते.

दुसरी गोष्ट बोटांच्या एकीची. जुन्या बांधणीत चारही बोटांचे दोरे एकाच ठोकळ्याला बांधलेले असत. तर्जनी पेल्याला टेकली की दोरा थांबे, ठोकळा थांबे आणि उरलेली तीन बोटे अधांतरी लटकत. पेल्याला चार बोटे आहेत असे दिसे. धरलेले मात्र एकानेच असे. यावरचा उपाय तराजूच्या दांडीसारखा आहे. दोन बोटांचे दोरे एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना, दुसऱ्या दोन बोटांचे दुसऱ्या दांडीला, आणि या दोन्ही दांड्या तिसरीला जोडायच्या. एक बोट अडले की दांडी कलते आणि दुसरे बोट पुढे जात राहते. चारही बोटे आपापल्या जागी वस्तूला भिडली की मगच जोर लागतो. एकूण जोर यामुळे वाढत नाही, हे सांगितले पाहिजे. तो नीट वाटला जातो. आंबा, बाटली, पोळ्यांचा डबा अशा वाकड्यातिकड्या वस्तूंना हा फरक फार जाणवतो.

गाठींची हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. दोरे काही आठवड्यांत सैल पडतात ही तक्रार वारंवार येई. तंत्रज्ञ गाठ मारून वर गोंदाचा थेंब टाकीत, तरीही ती सरके. दिवाळे गावातल्या एका मुलीला हात बसवायचा होता. तिच्यासोबत तिचे आजोबा आले होते. आयुष्य खाडीत जाळी टाकण्यात गेलेले. ते बराच वेळ आमच्या तंत्रज्ञांची धडपड पाहत बसले आणि शेवटी म्हणाले, “पोरा, इणलेली दोरी हाय ती. साध्या तंगुसाची गाठ तिला कशी बसंल? दोरी दुहेरी घे, येढे वाढव.” त्यांनी स्वतः गाठ मारून दिली. ती सरकली नाही. विणलेला दोरा एकेरी तंगुसाहून निसरडा असतो, म्हणून त्याला दुहेरी पदर आणि जास्त वेढे लागतात, ही गोष्ट आपल्या पंचक्रोशीतल्या कोणत्याही कोळीवाड्यात विचारली असती तर कळली असती. आमच्या विभागात आज तीच गाठ वापरतात.

अंगठ्याविषयी कायद्यानेच आमचे डोळे उघडले. कारखान्यांतील जखमी कामगारांच्या नुकसानभरपाईचे कागद आमच्याकडे नेहमी येत. १९२३ च्या त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण त्याच्या परिशिष्टातला तक्ता आम्हांला पाठ आहे. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरीत, मधले बोट १२ टक्के, करंगळी किंवा अनामिका ७ टक्के. अंगठा गेला तर ३० टक्के, आणि तळहातातल्या हाडासह गेला तर ४० टक्के. म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांची बेरीज करूनही ती अंगठ्याएवढी भरत नाही. असे असताना आम्ही छापलेल्या हातात अंगठा हे केवळ पाचवे बोट होते. तो कडेने मिटे, तर्जनीच्या समोर येतच नसे. मीठ चिमटीत घेताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके एकमेकांना भेटतात. ती भेट झाली नाही तर मूठ होईल, चिमूट होणार नाही. अंगठ्याचा कोन बदलून टोके जुळवून घ्यायला तंत्रज्ञांना चार-पाच प्रयत्न लागले. छपाईचा खरा फायदा इथे दिसला. संगणकावर कोन पालटायचा, संध्याकाळी यंत्र लावून घरी जायचे, सकाळी नवा अंगठा हजर.

यंत्राविषयी एवढेच सांगतो की छापील वस्तू थरांवर थर रचून होते, खारी बिस्किटासारखी. थरांच्या आडव्या दिशेने ताण आला की पदर सुटतात, म्हणून बोट कोणत्या दिशेने ठेवून छापायचे याला महत्त्व आहे. पीएलए हे नेहमीचे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हात ठेवला तर बोटे वाकडी होऊ शकतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत छपाईचा धागा दमट होतो आणि छपाई खरखरीत, ठिसूळ येते. तो सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. डब्यांचे बिल पाहून आम्ही प्रथम भुवया उंचावल्या होत्या. ती हरकत मागे घेतली आहे.

सभासद हो, पकड वाढवण्याचा एक मार्ग हाताबाहेरही आहे. चमच्याच्या दांड्यावर फोमची नळी चढवली, छत्रीच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळला, गुळगुळीत पेल्याऐवजी काठ असलेला किंवा कान असलेला पेला घेतला, तर कमी जोराच्या हातालाही ती वस्तू पेलते. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातांसाठी अवजारांच्या मुठी बदलण्याची ही रीत पुनर्वसन क्षेत्रात फार जुनी आहे. तिच्यात छायाचित्र काढण्यासारखे काही नाही, म्हणून कदाचित ती आमच्या लक्षात आली नाही.

मर्यादाही मांडल्या पाहिजेत. ज्यांचे मनगट शाबूत नाही त्यांना हा हात उपयोगी नाही. त्यांच्यासाठी कोपराच्या हालचालीवर चालणारे प्रकार आहेत, अथवा स्नायूंच्या संकेतांवर चालणारे विजेचे हात. अशा परवडणाऱ्या हातांवर पुण्यातील इनाली फाउंडेशनसारख्या संस्था काम करीत आहेत. जड ओझी उचलणाऱ्याला, ज्याला दिवसभर एकच अवजार घट्ट धरायचे आहे त्याला, डॉरन्स यांच्या १९१२ सालच्या पेटंटातून आलेला दुभंगलेला आकडा अजूनही अधिक कामाचा ठरतो. त्यात पकड रबरांची असते, मनगट दुखत नाही. पण आकडा दाखवला की माणसे मान फिरवतात. लग्नाच्या पंगतीत, मुलांच्या शाळेत हातासारखा हात दिसावा असे त्यांना वाटते, आणि ते वाटणे चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार दोन्ही हात असलेल्या आम्हांला नाही. एक सूचना मात्र आम्ही प्रत्येकाला लेखी देतो. लोकलची कडी किंवा दाराचा दांडा छापील हाताने धरू नये, आणि चुलीवरचे भांडे त्याने उचलू नये.

आता आमच्या चुकीकडे येतो. २००७ साली बिडिस आणि चाऊ या कॅनडातील संशोधकांनी हातांच्या कृत्रिम अवयवांविषयी आधीच्या पंचवीस वर्षांतील अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात शरीराच्या जोरावर चालणारे हात वापरणे सोडून देणाऱ्या मुलांचे सरासरी प्रमाण ४५ टक्के आढळले, प्रौढांचे २६ टक्के. ती कुशल केंद्रांतून नीट मापे घेऊन दिलेल्या हातांची अवस्था होती. आम्ही तर एका दिवसाच्या शिबिरात हात बसवून निरोप देत होतो. तरीही आपल्या गेल्या काही वर्षांच्या अहवालांत एकच आकडा छापला गेला, ‘वाटप केलेले हात’. त्यांतले किती वापरात आहेत, हे आम्ही विचारले नाही. देणगीदार प्रत्येक हातामागे रक्कम देतात, पावती हाताची निघते, म्हणून हिशेबही हातांचाच ठेवला. वाटलेले अन्न खाल्ले गेले असे धरता येते. वाटलेला हात वापरला गेला असे धरता येत नाही. हा फरक लेखापरीक्षकांच्या नजरेतून सुटला यात त्यांचा दोष नाही, रकाना आम्हीच आखला होता.

यंदापासून पद्धत बदलली आहे. हात बसवण्यापूर्वी रुग्णाला घरातल्या, कामावरच्या पाच वस्तू सोबत आणायला सांगतो. परदेशी चाचण्यांत ठोकळे उचलायचे असतात, त्यांचे महत्त्व आहेच. पण आमच्याकडे पोळपाट येतो, दप्तर येते, एका बाईंनी गजऱ्याची सुई-दोरा आणला होता. पाचांपैकी कोणत्या वस्तू धरता आल्या, किती वेळ, ओल्या हाताने धरता आल्या का, हे कार्डावर नोंदले जाते. एकही धरता येत नसेल तर हात रुग्णालयातच राहतो, आणि छायाचित्र निघत नाही.

पेला घेऊन आलेल्या त्या गृहस्थांचे काय झाले, असे आपण विचाराल. त्यांचा हात परत घेतला नाही, दुरुस्त केला. कोरडा पेला आता निसटत नाही. ओला पेला कधी धरला जातो, कधी नाही. खोटे सांगून उपयोग नाही. डबा उघडताना तो हात डबा दाबून धरतो आणि डावा झाकण काढतो, हे त्यांना सर्वांत मोलाचे वाटते. कारखान्याने त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर घेतले आहे. बोटांची टोपणे पुठ्ठ्यावर घासून काही महिन्यांत झिजतात. नवी बसवायला येण्यासाठी त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडत असे आणि म्हणून ते येण्याचे टाळीत. आता टोपणांचा संच आम्ही पाकिटात घालून टपालाने पाठवतो. त्यांचा शाळकरी मुलगा ती बसवतो.

विश्वस्त मंडळापुढे आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक हाताच्या देणगीत दोन वर्षांच्या देखभालीची रक्कम धरली जावी. टोपणे, दोरे, रबरे, एखादे मोडलेले बोट पुन्हा छापणे, टपालखर्च आणि गरीब रुग्णाचा येण्याजाण्याचा खर्च हे सारे त्यात यावे. यामुळे त्याच रकमेत वाटले जाणारे हात कमी होतील. पुढच्या अहवालात आपल्याला तो आकडा घसरलेला दिसेल, तेव्हा देणगीदारांनी आम्हांला जाब विचारावा, आम्ही उत्तर देऊ.

अहवालातील कृत्रिम अवयव विभागाच्या तक्त्यात यंदा एक नवा रकाना आहे, ‘एक वर्षानंतर वापरात’. तो कोरा दिसतो, ती छपाईची चूक नव्हे. समाजसेवा विभागातील भगिनी जुन्या रुग्णांना दूरध्वनी करीत आहेत. काही क्रमांक बदलले आहेत, काही कुटुंबे गावी परतली आहेत, काहींनी हात कुठे ठेवला ते आठवत नाही असे सांगितले. यादी पूर्ण होताच आकडा, कितीही लहान असला तरी, रुग्णालयाच्या सूचनाफलकावर लावला जाईल.